पाण्याला अट नसावी

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

मागे एका एकादशीला कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी मला एक शंका विचारली. गृहस्थ पापभीरू, नेमाचे वारकरी, दानधर्मात हात आखडता न घेणारे. ते नुकतेच गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे जाऊन आले होते. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प त्यांनी पाहिला, आसपासची दोन-चार गावे पाहिली. भर उन्हाळ्यात माडिया बाया डोक्यावर गुंड घेऊन कोरड्या नाल्यात उतरतात, वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीने पाणी भरतात, हे पाहून त्यांचे काळीज हलले. ते म्हणाले, "महाराज, तिथं विहीर बांधायला मी पैसे द्यायला तयार आहे. पण माझं एक म्हणणं आहे. ते लोक शिकार करतात, मोहाची दारू पितात, देवही त्यांचे निराळे, बोली तर आपल्याला समजतच नाही. मग पाणी देतोच आहोत, तर त्यासोबत माळ द्यावी, आपली भाषा द्यावी, आपली राहणी द्यावी. त्यांचं कल्याणच होईल. यात वावगं काय?"

मी त्या वेळी 'पाहू, बोलू' म्हणून वेळ मारून नेली. घरी आलो, पण शंका काही पाठ सोडीना. कारण ती कोणा दुष्टाची शंका नव्हती, भल्या माणसाची होती. दुष्टाला उत्तर देणे सोपे असते. भल्या माणसाच्या मनातली गाठ सोडवायची तर आधी ती आपल्याही मनात आहे का, हे पाहावे लागते. पाहिले, तर होती. म्हणून हा लेख.

प्रथम त्या भूमीची स्थिती ध्यानात घेऊ. हेमलकसा हे भामरागड तालुक्यातले रानातले गाव. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख चांद्याचाच. भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. आपण जिथे तिथे त्रिवेणी शोधत हिंडतो. इथे देवाने ती रानात आणून ठेवली आहे. पाऊस म्हणाल तर वर्षाकाठी १,२०० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या माणदेशाच्या दुपटीच्या वर. पर्लकोटा फुगून पुलावरून पाणी गेले आणि भामरागड जगापासून तुटले, असे कित्येक पावसाळ्यांत घडले आहे.

मग तहान कशाची? हेच तर कोडे आहे. पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. जमीन डोंगरउताराची, माती उथळ, खाली कठीण खडक. पाणी पडते आणि पळते. नद्यांची पात्रे खोल, शेते वर. नदी डोळ्यांना दिसते, पण बांधीला मिळत नाही. धानाचे एकच पीक, तेही आभाळाच्या भरवशावर. धान निसवण्याच्या वेळी पंधरा दिवस पाऊस दडला, की वर्षाचे अन्न हातचे गेले. जुलैत ज्या गावाची वाट पाण्याने अडवली, त्याच गावाच्या लेकीबाळी मे महिन्यात पाणी शोधत फिरतात.

वारकऱ्याला हे कळायला फार वेळ लागू नये. आपल्या अंतःकरणाची जमीनही अशीच उताराची आहे. आषाढात नामाचा पूर येतो, वाळवंटात डोळे भरून वाहतात, आणि द्वादशीचे पारणे सुटून घरची गाडी धरली की आठ दिवसांत सारे कोरडे. कृपा कमी पडली असे नाही. ती थांबवून ठेवणारा बांध घातला नाही. पाणी पडणे ही देवाची करणी, पाणी अडवणे ही माणसाची साधना. हे जसे मनाचे, तसेच रानाचे.

आता प्रश्न असा, की त्या रानात पाणी अडवायचे कसे, हे कोणाला ठाऊक? आपल्याला वाटते, आपल्याला. आपण शिकलेले, आपल्याकडे यंत्रे आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या जे त्या उतारावर जगले, त्यांना काहीच ठाऊक नसते तर ते जगले कसे?

माडियांची डोंगरउतारावरची जुनी शेती होती, तिला ते पेंडा म्हणतात. झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा आणि त्या राखेत बी टाकायचे. काही वर्षे पीक घ्यायचे आणि मग ती जागा रानाला परत द्यायची. आता ती शेती फारच थोडी उरली आहे. रान कमी झाले, कायदे आले, माणसे वाढली. ती जशीच्या तशी परत आणा असे कोणी म्हणत नाही. पण तिच्यातले एक वर्म पाहण्यासारखे आहे. तिथे एकाच धान्याचा आग्रह नव्हता. कोसरीसारखे बारीक धान्य, कडधान्य, काकडी-भोपळ्याचे वेल, सारे एकाच उतारावर. पाऊस चांगला झाला तर सगळेच आले. पाऊस रुसला तर एक गेले, दुसरे तगले. त्याशिवाय रानातले कंद, मोहाची फुले, चारोळी, तेंदूची फळे. ज्याच्या घरी दहा प्रकारचे अन्न असते त्याला दुष्काळ उशिरा गाठतो. ज्याच्या घरी एकच, त्याला पहिल्या फटक्यात.

त्यांची दुसरी एक रीत पंडुमाची. आंबा असो, नवे धान्य असो, गावाने मिळून देवाला वाहिल्याशिवाय नवे फळ तोंडात घालायचे नाही. त्या सणाला पंडुम म्हणतात. आपण नैवेद्य दाखविल्याशिवाय घास घेत नाही, तसेच हे. त्यात आणखी एक गोष्ट आपोआप साधते. फळ पिकण्याआधी कोणी ओरबाडत नाही, बी तयार होऊन मातीत पडते आणि रान राहते. आणि रान राहिले तरच उतारावरचे पाणी थोडे तरी मुरते, नाल्याचा झिरा थोडा तरी उशिरा आटतो. आता ही रीत 'अडाणी लोकांची' म्हणून पुसून टाका आणि मग उन्हाळ्यात टँकर पाठवा. याला परोपकार म्हणावे की काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण नुसत्या जुन्या रीतींनी पोट भरत असते तर तिथे एवढे दारिद्र्य का? शंका रास्त आहे. नुसते 'त्यांचे ते बरे' म्हणून हात झटकणे हाही एक अधर्मच. भुकेल्याच्या दारात उभे राहून त्याच्या संस्कृतीचे कौतुक करणारा आणि त्याला उपदेश करणारा, दोघेही त्याला उपाशीच ठेवतात. तर मग द्यावे कसे? याचे एक उदाहरण हेमलकशातच आहे.

कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी तिथेच राहिले. रस्ता नाही, वीज नाही, बोली कळत नाही. परके लोक दिसले की माणसे रानात पळून जात. दवाखाना उघडला, पण रोगी येईना. अशा वेळी त्यांनी काय केले? आधी माडिया बोली शिकून घेतली. ज्यांच्या अंगावर कपडा नाही त्यांच्यात आपण सुटाबुटात कसे फिरावे, म्हणून प्रकाशभाऊंनी अर्धी चड्डी आणि बंडी एवढाच वेष ठेवला. गावचा पुजारी रोगावर आपले विधी करी. त्याच्याशी त्यांनी वाद घातला नाही. औषधाने गुण येऊ लागला, तशी माणसे आपण होऊन येऊ लागली. १९७६ साली मुलांसाठी आश्रमशाळा निघाली. पुढे त्या मुलांसाठी माडिया बोलीतली वाचनाची पुस्तकेही झाली. अलीकडे आसपासच्या गावांनी अंगमेहनत करायची आणि प्रकल्पाने साह्य करायचे, अशा रीतीने तळीही खोदली गेली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्या पुरस्कारापेक्षा एक लहानशी गोष्ट मोठी वाटते.

एकदा शिकारी माकडीण मारून घेऊन चालले होते. तिचे पिल्लू मेलेल्या आईला बिलगलेले. प्रकाशभाऊंनी ते पिल्लू मागितले. शिकाऱ्यांना ते समजेना, कारण पिल्लूही खाण्यासाठीच होते. तिथे कोणी आपल्यासारखा असता तर हिंसेच्या पापावर अर्धा तास प्रवचन झाले असते. त्यांनी पिल्लाच्या बदल्यात धान्य दिले. त्यांना दिसले ते पाप नव्हे, भूक. पुढे गावोगावच्या लोकांना सांगितले, की पोरकी पिल्ले आणा आणि त्यांच्या बदल्यात धान्य, कपडा न्या. त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. सोबत भाजीपाल्याचे बी आले, शेतीची जोड आली. कोणाच्या गळ्यात काही घातले नाही, कोणाकडून वचन घेतले नाही. तरी शिकार कमी झाली. दया उपदेशाने गेली असती तर दारातून परतली असती. ती भुकेच्या वाटेने गेली म्हणून घरात शिरली.

आता याच चांदा-गडचिरोली मुलखातली दुसरी गोष्ट पाहा. ती तर नुसती पाण्याचीच आहे. डोंगराळ रान सोडून थोडे उत्तरेकडे आले, की धानाचा पट्टा लागतो. तिथे आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात हजारो जुने तलाव आहेत. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. ते बांधले कोणी? चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची चाल ठेवली. कोहळी समाज पाळ बांधण्यात आणि पाण्याचा उतार ओळखण्यात तरबेज. ढिवर त्यात मासे राखीत. शेतकरी त्या पाण्यावर धान पिकवी. राजा गोंड, बांधणारा कोहळी, मासे राखणारा ढिवर, पिकवणारा आणखी कोणी. एकाची विद्या दुसऱ्याला येत नव्हती, म्हणूनच तर एकाला दुसऱ्याची गरज होती, आणि त्या गरजेतून तळे भरत होते.

मालगुजारीत जुलूमही होता, तो गेला हे उत्तमच झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पण मालकी जाताना त्याबरोबर ही परस्परांची देखरेखही ढिली पडली. गाळ साचला, पाळी फुटल्या, बेशरमीची झुडपे माजली. पुढे काही गावी ढिवर समाजातल्या लोकांनी, त्यातही स्त्रियांनी, तलावात पूर्वी कोणत्या देशी वनस्पती उगवत आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे ओळखून त्या वनस्पती पुन्हा लावल्या. तेव्हा मासेही परत येऊ लागले. हे ज्ञान कोणत्या कचेरीच्या दप्तरात नव्हते. ते त्या बायांच्या बोलीत, माशांच्या आणि गवतांच्या नावांत होते. उद्या ती बोली मेली तर ती नावे मरतील, नावे मेली तर ओळख मरेल, आणि मग तळे असून पाणी मुके होईल.

हे आपल्याच मुलखापुरते आहे असे नाही. दूर समुद्रापलीकडे बाली नावाचे बेट आहे. तिथे डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती आहे. वरच्या शेतकऱ्याने पाणी धरले तर खालचा उपाशी. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांच्या 'सुबक' नावाच्या मंडळ्या पाण्याच्या देवळात जमतात आणि कोणी कधी लावणी करायची, कोणी कधी शेत कोरडे ठेवायचे, हे ठरवतात. १९७० नंतरच्या दशकात नव्या बियाण्यांची मोहीम आली. देवळांच्या वेळापत्रकाला फाटा देऊन ज्याने त्याने जमेल तितक्या वेळा भात लावावा, असे सांगण्यात आले. सगळ्यांना एकदम पाणी हवे झाले, शेते कधी रिकामी राहीनात, आणि कीड एका शेतातून दुसऱ्यात सुखाने फिरू लागली. अखेर जुने वेळापत्रकच बरे, हे मान्य करावे लागले. २०१२ साली युनेस्कोने या सुबक पद्धतीला जागतिक वारशात स्थान दिले. त्याच संस्थेने २००१ साली एक जाहीरनामा काढला होता. त्याचा आशय असा, की सृष्टीला जशी जीवांची विविधता लागते तशीच मनुष्यजातीला संस्कृतींची विविधता लागते. मोठ्या सभागृहात ठरलेली ही गोष्ट नाल्यातला झिरा उकरणारी माडिया बाई न बोलता जगत आली आहे.

असो. आता आपल्या गृहस्थांच्या शंकेच्या गाभ्याकडे येऊ. ते म्हणतात, पाण्यासोबत माळ द्यावी. माळ वाईट आहे का? छे. माझ्याही गळ्यात ती आहे आणि देह ठेवीपर्यंत राहील. प्रश्न माळेचा नाही, 'सोबत' या शब्दाचा आहे. तहानलेल्याला पाणी देताना दुसरी वस्तू सोबत दिली, की ती वस्तू राहत नाही, अट होते. त्याला 'नको' म्हणता येत नाही, कारण घसा कोरडा आहे. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला परमार्थात काय किंमत? धाकाने घातलेली माळ ही दोरी झाली. आपण तुळशीचा अपमान केला, इतकेच.

पाण्याला अट घालण्याचे पाप आपल्या समाजाने एकदा केले आहे, हे आपण विसरू नये. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पण माणसाला मनाई होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा जगाला आपली अट दिसली. तेव्हाची अट होती, 'तू जन्माने आमच्यासारखा नाहीस, म्हणून पाणी नाही.' आता आपण म्हणू लागलो, 'तू राहणीने आमच्यासारखा हो, मग पाणी.' शब्द गोड झाले आहेत, दोन्हींची जात एकच.

नाथमहाराजांची कथा लहानपणापासून आपण ऐकतो. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, रामेश्वराला अभिषेक करायचा, आणि वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडते आहे. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. यात नाथांची करुणा दिसते, ती आहेच. पण गाढव पाणी पिऊन उठले आणि गाढवच राहिले, हेही जरा लक्षात घ्यावे. नाथांनी त्याला कावड वाहायला लावली नाही, रामेश्वरापर्यंत मागे चालवले नाही. त्यांना तिथेच रामेश्वर भेटला होता, मग मागण्यासारखे उरले काय? आणि हेच नाथ भारूड लिहिताना वासुदेव होतात, जोशी होतात, गोंधळी होतात. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या बोलीत शिरतात. दुसऱ्याला आपल्यासारखा करण्याआधी आपण दुसऱ्यासारखे होऊन पाहणे, हा संतांचा मार्ग.

नामदेवराय पंजाबात गेले. घुमान गावी आजही त्यांचे स्थान आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. ती तिकडच्या लोकांना उमजेल अशा भाषेत आहेत. पंजाब्यांनी आधी मराठी शिकावे आणि मग भक्ती करावी, अशी अट नामदेवांनी घातली नाही. आणि विठोबाचे काय? संतांनीच त्याला कानडा म्हटले आहे. भाषापंडित सांगतात की कानडी ज्या द्राविडी कुळातली, त्याच कुळातली माडिया बोली. मग जी बोली ऐकून आपण नाक मुरडतो ती आपल्या देवाच्या माहेरच्या नात्यातली निघाली, तर तोंड कुठे लपवावे?

ज्ञानेश्वर माउलींचे पसायदान आपण रोज म्हणतो. त्यात मागणे काय आहे? ज्याची जी इच्छा असेल ते त्याला मिळो. 'मला जे आवडते ते सर्वांना मिळो' असे ते मागणे नाही. या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपला सारा दानधर्म बहुधा दुसऱ्या मागण्यात अडकलेला असतो.

आता पूर्वपक्षाचे शेवटचे बाण घेऊ. पहिला बाण असा : "मग काय, त्यांच्या सगळ्याच रीती पूज्य मानायच्या?" नाही. माडियांत पाळीच्या दिवसांत बाईने गावातल्या वेगळ्या झोपडीत राहायची रीत आहे, तिला कुर्मा घर म्हणतात. झोपडी कित्येकदा गळकी, दार धड नाही, पावसाळ्यात साप-विंचवाचे भय. ही विविधता म्हणून जपावी का? मुळीच नाही. जिथे रीतीपायी एखाद्या जीवाला त्रास होतो तिथे रीत दुय्यम, जीव मुख्य. जी रीत कोणाला तहानलेले ठेवते ती बदलली पाहिजे, मग ती रानातली असो की गावातली. ही कसोटी मात्र आधी आपल्या घराला लावावी. आपल्याकडे बाईला 'बाहेर बसवीत' नव्हते काय? चोखोबा महाद्वाराच्या बाहेर राहिले, आणि त्यांच्या जातभाईंना देवळात यायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पण ते गुरुजी कोण होते? आपल्यातलेच, विठोबाला आई म्हणून हाक मारणाऱ्यांपैकी. परक्याने हातात काठी घेऊन दार उघडले असते तर ते मनातून बंदच राहिले असते. कुर्मा घराचेही तसेच. तिथल्या लेकी शिकतील, त्या बोलतील, त्या ठरवतील. आपण त्यांना शाळा द्यावी, दवाखाना द्यावा, धीर द्यावा. बोलण्याचा मान त्यांचा.

दुसरा बाण : "दारूचे काय? मांसाचे काय?" दारूने घर बुडते, हे आपण आपल्या गावात रोज पाहतो; तिथेही बुडते. गावाने मिळून ठरवले तर दारू सुटते, नाहीतर फौजदारानेही सुटत नाही. मांसाचे म्हणाल, तर ज्याच्या शेतात दुसरे पीक नाही त्याला उपवास शिकवण्याचा अधिकार दोन वेळा जेवणाऱ्याला नाही. आधी त्याच्या उतारावर पाणी थांबू द्या, त्याच्या बांधीत दुसरे पीक उभे राहू द्या, मग त्याने काय खावे हे तो पाहील. आपण आपले व्रत पाळावे, निष्ठेने पाळावे. व्रत हे आपल्या जिभेला लावायचे कुलूप आहे, दुसऱ्याच्या ताटावर ठेवायचे झाकण नव्हे.

सप्ताहाच्या शेवटी आपण काल्याचे कीर्तन करतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, कोणाचे लोणचे, पेंद्याची शिळी भाकरी. 'उद्यापासून सगळ्यांनी लोणीच आणा,' असे देवाने कोणालाही म्हटले नाही. सगळ्यांनी लोणीच आणले असते तर काला झाला असता का? लोण्याची रास झाली असती. ज्याच्याकडे लोणी नव्हते तो पेंद्या बाहेर बसला असता, आणि देवही तिथून उठून त्याच्याजवळ जाऊन बसला असता. आपली वारीसुद्धा अशीच आहे. दिंडी-दिंडीची चाल निराळी, बोली निराळी, कोणी कोकणातला, कोणी खानदेशातला, कोणी कर्नाटकातला. दिवे घाट चढताना घसा सगळ्यांचा सारखाच कोरडा पडतो, आणि वाटेवर पाण्याचा तांब्या पुढे करणारा कोणालाही त्याची दिंडी विचारीत नाही. 'घ्या माउली' एवढेच म्हणतो. समोरच्याला आधी माउली म्हणायचे, आणि मग पाणी द्यायचे. हा क्रम आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही. तो वारीपुरता न ठेवता हेमलकशापर्यंत न्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे. दादा, विहीर जरूर बांधा. पण आधी तिथे जाऊन गावाला विचारा, की विहीर हवी का तळे, की नाल्याला बांध. त्यांना पाण्याच्या वाटा तुमच्या-माझ्यापेक्षा ठाऊक आहेत. त्यांची बोली येत नसेल तर चार शब्द शिका. निदान 'पाणी' आणि 'या, बसा' एवढे तरी. आपल्या नावाची फरशी बसवू नका. माळ तुमच्या गळ्यात राहू द्या, तोंडात नाम राहू द्या. ते पाहून कोणी आपण होऊन विचारले, की हे काय आहे, तर प्रेमाने सांगा. नाही विचारले तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या तळ्याचे पाणी पिऊन एखादी बाई पंडुमाच्या दिवशी आपल्या देवापुढे आपल्या बोलीत गाणे म्हणेल. ते तुम्हाला समजणार नाही. पण जो विटेवर उभा आहे त्याला ते समजेल. तो कानडा आहे, त्याला बोलीची अडचण नाही.

रामकृष्णहरि.